गेम तयार झाला, पण दुकानात दिसतो का? स्टीम आणि प्ले स्टोअरवर नजरेत येण्याचा धडा

आपल्या चॅनेलवर आपण किराणा, दूध डेअरी, कृषी सेवा केंद्र, शिलाई, मसाले अशा धंद्यांवर बोलतो. आजचा धंदा जरा वेगळा आहे. गेम बनवणाऱ्या पोरापोरींसाठी हा धडा आहे. व्हिडिओत मुद्दे सांगितलेत, इथे आकडे, नियम आणि गृहपाठ सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक प्रश्न येईलच. पालमसारख्या तालुक्याच्या गावात गेमचा धंदा कशाला? तर ऐका. गोदो, युनिटी, अनरियल ही गेम बनवायची साधनं सुरुवातीला फुकट मिळतात. बऱ्यापैकी लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की पालमचा मुलगा, पुण्याचा मुलगा आणि पोलंडचा मुलगा एकाच काउंटरवर माल ठेवू शकतात. जागेचं भाडं नाही, पागडी नाही, गोडाऊन नाही. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथे एक गेम ठेवायची फी १०० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने साधारण आठ-नऊ हजार रुपये. गेमची कमाई १००० डॉलरच्या वर गेली की ती फीसुद्धा परत मिळते.

दार इतकं उघडं असल्यामुळे आत गर्दीही तेवढीच आहे. २०१२ पासून स्टीमवर 'ग्रीनलाइट' नावाची पद्धत होती. लोक मतं द्यायचे आणि निवडलेले गेम दुकानात यायचे. जून २०१७ मध्ये ती बंद झाली आणि फी भरणाऱ्या प्रत्येकाला दार मोकळं झालं. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. भागाकार करून बघा, रोजचे जवळपास पन्नास. तुम्ही दोन वर्षं रात्री जागून बनवलेला गेम ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी आणखी पन्नास जणांची दोन-दोन वर्षं तिथे उभी असणार आहेत.

आणि घरी काय चाललेलं असतं ते मला सांगायला नको. "एवढा वेळ कॉम्प्युटरसमोर बसतोस, त्यापेक्षा पोलीस भरतीचा फॉर्म भर." आईवडिलांनी सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. त्यांना एकच कळतं, पोरगं काहीतरी करतंय आणि पैसे येत नाहीत. म्हणून गेम चांगला बनवणं हे अर्धं काम आहे. तो दिसणं हे उरलेलं अर्धं. ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर पहिल्या अर्ध्याचीही माती होते.

१. दुकानदार कोणाचा माल पुढे मांडतो?

मोंढ्यात किंवा बाजारपेठेत रस्त्यावरच्या दुकानाला येणारंजाणारं गिऱ्हाईक आपोआप मिळतं. डिजिटल दुकानात रस्ता नसतो. तिथे एक अदृश्य दुकानदार बसलेला असतो, त्याला आपण अल्गोरिदम म्हणतो. तो तुमचा शत्रू नाही आणि मित्रही नाही. तो किराणा दुकानदारासारखाच वागतो. ज्या बिस्किटाच्या पुड्याला लोक हात घालतात तो काउंटरवर, ज्याला कोणी विचारत नाही तो वरच्या फळीवर.

याचा अर्थ नीट समजून घ्या. स्टोअर गर्दी वाढवून देतं, पण शून्यातून गर्दी उभी करत नाही. तुम्ही शंभर माणसं आणली आणि त्यांनी गेममध्ये रस दाखवला, तर स्टोअर आणखी माणसांना तो दाखवून बघतं. त्यांनीही रस दाखवला तर आणखी पुढे. तुम्ही कोणालाच आणलं नाही तर त्याच्याकडे गुणायला आकडाच नसतो. शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्य.

म्हणून या धंद्याचा पहिला नियम: पहिलं गिऱ्हाईक तुम्ही आणायचं.

२. पुण्याच्या 'राजी'कडून काय शिकायचं?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, त्याला शोधायला निघालेली ती आणि तिला साथ देणारी दुर्गा. चित्रं बघितली की राजस्थानी वाडे, किल्ले आणि पहाडी चित्रशैली लगेच डोळ्यात भरते.

२०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. लक्ष्य होतं १ लाख २० हजार पौंडांचं. ते गाठलं गेलं नाही, आणि किकस्टार्टरचा नियम असा की लक्ष्य गाठलं नाही तर एक रुपयाही हातात येत नाही. इथेच बरेच जण शटर खाली ओढतात. त्यांनी काम चालू ठेवलं. अनरियल इंजिनवाल्यांकडून त्यांना अनुदान मिळालं, सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोने छोट्या स्टुडिओंच्या गेमसाठी केलेल्या ऑनलाइन कार्यक्रमात 'राजी' दाखवला गेला आणि त्याच दिवशी तो निन्टेन्डो स्विचवर विक्रीला आला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गेमसाठी जगातल्या पाच गेमना नामांकन मिळालं, त्यात 'राजी' होता.

आता यातले धंद्याचे मुद्दे काढू.

पहिला: २०१७ मध्ये ज्यांनी या गेमचं नाव ऐकलं, त्यांच्या डोक्यात तो तीन वर्षं होता. पैसे जमले नाहीत, पण ओळख झाली. विक्रीच्या आधीची ओळख हेसुद्धा भांडवल आहे.

दुसरा: एक चित्र बघून कळतं की हा गेम दुसऱ्या कोणाचा नाही. जगात तलवारीचे हजारो गेम आहेत. पहाडी चित्रांसारखा दिसणारा, भावाला शोधणाऱ्या मुलीचा गेम हाताच्या बोटावर मोजण्याइतकाच. आपल्या मातीतली गोष्ट ही दुकानात ओळखू येण्याची खूण होते. कॅनडातल्या व्हिसाई गेम्सचा 'वेनबा' घ्या. एका तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकाचा छोटासा गेम, जुलै २०२३ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याला पदार्पणासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. इडली आणि बिर्याणी बनवायचा गेम, बरं का!

तिसरा: ज्या दिवशी सगळ्यात जास्त लोक बघत होते, त्याच दिवशी माल काउंटरवर होता. बोलबाला आज आणि विक्री सहा महिन्यांनी, असं झालं तर मधल्या काळात लोक विसरतात. आणि विक्री अजून लांब असेल तर निदान नाव नोंदवायची सोय तरी पाहिजेच. ती सोय म्हणजे विशलिस्ट. तिच्याकडे आपण येणारच आहोत.

३. पाटी, काच आणि दोन ओळी

स्टीमवर गिऱ्हाईक तुमचा गेम पहिल्यांदा बघतं ते एका छोट्या आडव्या चित्रात. त्याला कॅप्सूल म्हणतात. ही तुमच्या दुकानाची पाटी. ती सुद्धा अंगठ्याएवढी दिसते, कारण तिच्या आजूबाजूला दहा दुसऱ्या पाट्या असतात.

पाटीची परीक्षा घरीच घ्या. कॅप्सूल मोबाइलवर उघडा, फोन हातभर लांब धरा. गेमचं नाव वाचता येतंय का? चित्रात एकच ठळक वस्तू आहे का? गेम कशाचा आहे याचा अंदाज येतो का? तीनपैकी दोन उत्तरं 'नाही' असतील तर पाटी बदला. पैसे खर्च करायचे असतील तर सगळ्यात आधी इथे, चांगल्या चित्रकारावर करा. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे की कॅप्सूलवर गेमचं नाव आणि चित्र एवढंच चालतं. पुरस्कारांचे शिक्के, कौतुकाची वाक्यं, "५० टक्के सूट" असलं काही टाकता येत नाही. त्यामुळे चित्राला पर्याय नाही.

मग येतो व्हिडिओ, म्हणजे ट्रेलर. कंपनीचा लोगो फिरत फिरत येतोय, मग काळ्या पडद्यावर अक्षरं, मग ढोल. तोपर्यंत गिऱ्हाईक गेलं. पहिल्या सेकंदापासून खेळ दाखवा. लोगो शेवटी टाका. स्क्रीनशॉट किमान पाच लागतात. ते सगळे प्रत्यक्ष खेळाचे हवेत आणि प्रत्येकात वेगळी जागा किंवा वेगळी कृती दिसली पाहिजे. मेनूचा फोटो टाकून एक जागा वाया घालवू नका.

आता त्या दोन ओळी. समजा तुम्ही आपल्या पालम तालुक्यातल्या जांभूळबेटावर गेम बनवला. गोदावरीच्या पात्रातलं बेट, जांभळाची झाडं, मोर. वर्णन दोन प्रकारे लिहू.

पहिला प्रकार: "हा एक रोमांचक साहसी गेम असून यात सुंदर ग्राफिक्स, मधुर संगीत आणि अनेक लेव्हल आहेत."

दुसरा प्रकार: "गोदावरीला पूर आलाय. तुमच्याकडे एक होडी, बेटावर चाळीस मोर आणि अंधार पडायला बारा मिनिटं. आधी कोणाला आणायचं ते तुम्ही ठरवा."

पहिलं वर्णन जगातल्या कुठल्याही गेमला चिकटवता येतं. दुसरं फक्त याच गेमला. शिवाय दुसऱ्यात खेळणारा काय *करणार* आहे ते कळतं. माल विकताना आपण म्हणतो ना, गुण सांगू नका, उपयोग सांगा. तेच इथे. स्टीमवर तुमचं बहुतेक गिऱ्हाईक बाहेरदेशचं असणार, म्हणून वर्णन इंग्रजीत लागेलच; पण ते आधी मराठीत असं कसून लिहा, मग चांगलं इंग्रजी येणाऱ्याकडून उतरवून घ्या.

४. टॅग म्हणजे फळी

हळदीचा पुडा साबणाच्या फळीवर ठेवला तर तो विकला जाणार नाही, हळद कितीही चांगली असली तरी. स्टीमवर गेमला २० पर्यंत टॅग लावता येतात, आणि 'याच्यासारखे आणखी गेम' या रांगेत तुम्ही कोणाशेजारी उभे राहणार ते टॅगवरून ठरतं.

चूक होते ती अशी: लोक पहिले टॅग 'इंडी', 'अॅक्शन', 'अॅडव्हेंचर' लावतात. या फळ्यांवर लाखभर माल आहे. तुमच्या होडीच्या गेमला 'टाइम मॅनेजमेंट', 'रिसोर्स मॅनेजमेंट', 'नेचर' असे नेमके टॅग पुढे लावा आणि ढोबळ टॅग मागे ठेवा. सोपी युक्ती सांगतो. तुमच्यासारखे दहा गेम शोधा, जे गेल्या दोन-तीन वर्षांत आलेत आणि ज्यांना बरे रिव्ह्यू आहेत. त्यांचे टॅग वहीत लिहा. जे टॅग सहा-सात ठिकाणी दिसतात आणि तुमच्या गेमला खरोखर लागू पडतात, ते तुमचे. खोटा टॅग लावू नका. चुकीचं गिऱ्हाईक आलं तर ते पैसे परत मागतं आणि वाईट रिव्ह्यू देऊन जातं.

५. विशलिस्ट: नोंदणीची वही

दिवाळीच्या आधी मिठाईवाला वहीत नावं लिहून घेतो, कोणाला किती चिवडा, किती लाडू. माल तयार झाला की फोन. विशलिस्ट तीच वही आहे. गिऱ्हाईक बटण दाबून नाव नोंदवतं. गेम आला की स्टीम त्याला ईमेल पाठवतं. पुढे तुम्ही २० टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा ईमेल जातो. दोन्ही वेळा तुमचा खर्च शून्य.

आणखी एक काम ही वही करते. स्टीमच्या पहिल्या पानावर 'लवकरच येणारे लोकप्रिय गेम' अशी यादी असते. त्यात शिरण्यासाठी विशलिस्टचा जोर लागतो. डेव्हलपर लोकांमध्ये सात हजारांच्या आसपासचा आकडा फिरतो. स्टीमने असा आकडा जाहीर केलेला नाही, त्यामुळे ती काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण दोनशे नावांवर गेम सोडणं आणि सात हजार नावांवर सोडणं यात काय फरक आहे ते यावरून कळेल.

म्हणून वेळापत्रक उलट्या बाजूने मांडा.

- फी भरल्यापासून गेम सोडेपर्यंत किमान ३० दिवस जावे लागतात.
- 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं.

हे झाले नियम. पण नियमात बसणं म्हणजे तयारी होणं नव्हे. दोन आठवड्यांत वही भरत नाही. दाखवण्यासारखी पाच चित्रं आणि एक मिनिटाचा ट्रेलर झाला की पान उघडा, मग गेम संपायला वर्ष का असेना. त्या दिवसापासून तुम्ही कुठेही काही टाकलंत, रील असो की छोटा व्हिडिओ, खाली त्या पानाची लिंक असलीच पाहिजे. लिंक नसलेली वाहवा म्हणजे लग्नात वाजलेली टाळी. ऐकायला छान, गल्ल्यात काही नाही.

६. डेमो: मूठभर माल हातात द्या

मोंढ्यात व्यापारी सोयाबीन बघतो तेव्हा पोत्यात हात घालून मूठभर माल तळहातावर घेतो. त्याशिवाय भाव बोलत नाही. डेमो म्हणजे ती मूठ.

स्टीम वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये 'नेक्स्ट फेस्ट' भरवतं. न आलेल्या गेमच्या डेमोंची ही आठवडाभराची जत्रा. लक्षात ठेवायची गोष्ट: एका गेमला यात एकदाच भाग घेता येतो. कच्चा डेमो घेऊन घाईने गेलात तर संधी संपली. माझा सल्ला असा की गेम सोडायच्या आधीची अगदी शेवटची जत्रा धरा. डेमो त्याच्या महिना-दोन महिने आधी तयार ठेवा, अनोळखी लोकांकडून खेळवून घ्या आणि त्यांच्या मागे गप्प उभे राहा. कुठे अडकतात, कुठे कंटाळतात, कुठे हसतात ते लिहा. "अरे ते बटण दाब ना" असं एकदाही म्हणायचं नाही. घरी बसून खेळणाऱ्याच्या मागे तुम्ही उभे नसणार.

डेमोचा शेवट अशा जागी करा जिथे माणसाला 'आता पुढे काय?' वाटेल. आणि तिथेच विशलिस्टचं बटण ठेवा.

७. गेम आला. आता पहिला आठवडा

पहिला टप्पा १० रिव्ह्यूंचा. तेवढे झाल्याशिवाय स्टीम गेमला 'पॉझिटिव्ह' वगैरे शेरा दाखवत नाही. शेरा नसलेल्या गेमकडे गिऱ्हाईक साशंक नजरेने बघतं. मित्रांना फुकट की वाटून रिव्ह्यू लिहायला लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. स्टीमवर विकत घेतलेल्यांचेच रिव्ह्यू त्या शेऱ्यात मोजले जातात. आणि खोटे रिव्ह्यू सापडले तर दुकानातून हाकलतात.

दुसरी गोष्ट परताव्याची. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर गिऱ्हाईकाला पैसे परत मिळतात. म्हणून गेमची पहिली वीस मिनिटं सगळ्यात घट्ट हवीत. सुरुवातीला दहा पानांची सूचना वाचायला लावणारा गेम स्वतःच्या हाताने परतावा मागवतो.

तिसरी गोष्ट: पहिल्या आठवड्यात लग्नकार्य, प्रवास, परीक्षा काही ठेवू नका. गेम बंद पडतोय अशी तक्रार आली तर त्याच दिवशी दुरुस्ती टाका आणि तक्रार करणाऱ्याला नम्रपणे उत्तर द्या. वाईट रिव्ह्यूखाली भांडू नका. ते भांडण पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतं.

८. मोबाइलचा गेम असेल तर

प्ले स्टोअरचं गणित वेगळं. खात्याची फी एकदाच, २५ डॉलर. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या नव्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ही कटकट समजू नका. ते बारा जण नीट निवडा: दोन चुलतभाऊ, दोन कॉलेजची पोरं, एखादा दुकानदार, एखादी मावशी. जुने, कमी रॅमचे फोन असलेले मुद्दाम घ्या. कारण ज्या अॅपमध्ये बंद पडण्याचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर जातं, त्याला प्ले स्टोअर कमी लोकांना दाखवू शकतं. तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालतो याला तिथे काही किंमत नाही.

नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०. लोक जो शब्द शोधतात तो नावात असला पाहिजे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' बघा. २०१६ मध्ये आला. शोधायचा शब्द नावातच, खेळ घराघरात माहीत असलेला, इंटरनेटशिवाय चालणारा, एकाच फोनवर चौघांना खेळता येणारा. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरात अडकले तेव्हा तो प्रचंड वाढला. टाळेबंदी त्यांनी आणली नव्हती, पण ती आली तेव्हा त्यांचा माल चार वर्षं काउंटरवर मांडलेला होता आणि साध्या फोनवर चालत होता. नशीब येतं तेव्हा दुकान उघडं असावं लागतं.

आणि एक फायदा इथे आपला: प्ले स्टोअरवर गेमचं पान मराठीतही लिहिता येतं. शेतकरी, दुकानदार, शाळेतली मुलं यांच्यासाठी गेम असेल तर ते पान मराठीत कराच. त्या फळीवर अजून गर्दी कमी आहे.

९. दुसऱ्याच्या तोंडून कौतुक

स्वतःची पाठ स्वतः थोपटून किती माल विकणार? गेम खेळून दाखवणारे यूट्यूबवाले, स्ट्रीमर यांना लिहा. लाखो सदस्यांच्या मागे लागू नका. ज्यांचे पाच-दहा हजार सदस्य आहेत आणि जे तुमच्याच प्रकारचे गेम खेळतात, असे पन्नास जण शोधा. ईमेल पाच ओळींचा:

"नमस्कार. तुमचा अमुक गेमचा व्हिडिओ बघितला, त्यातला शेवटचा प्रसंग आवडला. आम्ही त्याच प्रकारचा, पुरात होडी चालवायचा गेम बनवलाय. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आणि खेळायची की सोबत आहे. अमुक तारखेला गेम येतोय. वेळ मिळाला तर बघा."

पन्नासांपैकी चाळीस उत्तर देणार नाहीत असं धरूनच चाला. उरलेल्या दहांसाठी हे काम आहे.

इथे फसवणुकीपासून सावध राहा. गेम येताच "आम्ही मोठे क्युरेटर आहोत, पाच की पाठवा" असे ईमेल येतील. त्यातले बरेच जण त्या की दुसरीकडे विकतात. ज्या ईमेलवरून मागणी आली तो पत्ता त्या माणसाच्या चॅनेलवर दिलेल्या पत्त्याशी जुळतो का, तपासा. "हजार विशलिस्ट अमुक रुपयांत" असं कोणी म्हणालं तर थेट दार दाखवा. विकत घेतलेलं नाव वहीत दिसतं, दुकानात येत नाही.

१०. आता गल्ला मोजू

मानून चला, गेमची किंमत ३०० रुपये आणि १००० प्रती विकल्या गेल्या. तीन लाख. परतावे आणि कर वजा जाता समजा २ लाख ४० हजार उरले. त्यावर स्टीमचा वाटा ३० टक्के, म्हणजे ७२ हजार. तुमच्या हातात १ लाख ६८ हजार. (प्रत्यक्षात किती कर कापला जाईल ते सीएला विचारा, आणि खातं उघडताना पॅन हाताशी ठेवा.)

हा गेम बनवायला दोन वर्षं लागली असतील तर महिन्याला पडले ७ हजार रुपये. सहा महिने लागले असतील तर तीच रक्कम महिन्याला २८ हजार होते. विक्री तेवढीच, गेम छोटा, पण घरात तोंड दाखवायला जागा राहते. म्हणून पहिला गेम छोटा करा. सहा-आठ महिन्यांत पुरा होईल एवढाच. पहिल्या गेमचे शंभर खूश खेळाडू दुसऱ्या गेमची पहिली शंभर नावं असतात. आणि दोन वर्षं घालायचीच असतील, तर पान उघडून तीन महिन्यांत वहीत किती नावं आली ते बघून पुढचा निर्णय घ्या. नावं येत नसतील तर चित्र, वर्णन किंवा कल्पना यातलं काहीतरी बदलायची वेळ आहे. हे गेम पूर्ण व्हायच्या आधी कळलेलं कधीही स्वस्त.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा गेम दोन ओळींत लिहा. घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने कधी गेम खेळलेला नाही. त्याने "मग पुढे काय होतं?" विचारलं तर पास.

२. तुमच्यासारखे दहा गेम शोधा. नाव, किंमत, आल्याची तारीख, रिव्ह्यूंची संख्या आणि पहिले पाच टॅग असा तक्ता करा.

३. गेम सोडायची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजत नेक्स्ट फेस्ट, डेमो, पान उघडायचा दिवस आणि फी भरायचा दिवस कॅलेंडरवर लिहा.

४. अंगठ्याएवढ्या पाटीची परीक्षा घ्या.

५. आजपासून दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ, दहा-पंधरा सेकंदांचा, फक्त खेळाचा. लिंकसकट.

ज्यांचा गेम अजून कागदावरच आहे त्यांनीही क्रमांक एक आणि दोन कराच. कागदावर बदल करायला पैसे लागत नाहीत. पुढच्या धड्यात किंमत कशी ठरवायची आणि सूट कधी द्यायची ते बघू. तोपर्यंत तुमचा तक्ता भरून तयार ठेवा, त्याच आकड्यांवर आपण काम करणार आहोत.